जाळ्याकडे निघालेला ठिपका

रौशान : मामंजी, बोताला जरा मांडीवर घेता? आत्ताच डोळा लागलाय तिचा. खाली ठेवली की उठेल.

मामंजी : आण नातीला इकडे. आणि सांग बघू, आज मी कुठे आहे?

रौशान : तुम्ही खिडकीपाशी बसलायत, आणि चहा गार होतोय.

मामंजी : हा मी नव्हे गं. तो दुसरा. पाण्यातला.

रौशान : मिशाळराव होय. पहाटे त्यांनी नाक वर काढलं होतं. लॅपटॉपवर ठिपका उमटला.

मामंजी : अजून मिशाळरावच? तुझ्या संशोधन केंद्रातली माणसं हसत असतील.

रौशान : हसू देत. सीलच्या पाठीवर यंत्र चिकटवलं ते बरं केलं. पण त्याला माझ्या सासऱ्यांचं नाव ठेवलं आणि नोंदी सुनेच्या गळ्यात घातल्या. सासऱ्यांचं नाव सून तोंडात घेते का कुठे?

मामंजी : मग कुणाचं ठेवणार? वसंतात तो अडकला तेव्हा कोरं जाळं कापून त्याला सोडवलं ते मी. काल स्वप्नात माझ्या मिशा ओल्या झाल्या होत्या, सूनबाई. गुडघा दुखत नव्हता. सगळा हिरवा उजेड, आणि वरून बोटींच्या सावल्या ढगांसारख्या सरकत होत्या. जागा होतो तर काय, ही बया छातीवर पडून माझी मिशी चोखतेय.

रौशान : मामंजी, तो ठिपका बेटाकडे वळलाय. मागच्या उथळ पाण्याकडे.

मामंजी : तिथे तर अदिल्बेकनं काल जाळी टाकलीत.

रौशान : हो. मी फोन केला होता यांना. म्हणाले, आत्ता कुठे मासळी लागायला लागलीय, आणि एका सीलसाठी जाळी उचलू? तुम्ही बोलता का?

मामंजी : बोट त्याच्या हाती दिली तेव्हा चार माणसांत म्हणालोय, आता समुद्रावर माझा शब्द नाही. तो मोडू?

रौशान : जाळ्यात अडकलेलं सील कसं तडफडतं, ते तुम्हीच मला सांगितलंत. यंत्रं लावलेल्यांपैकी अख्ख्या कॅस्पियनमध्ये आता हे एकटंच बोलतंय. बर्फ धरेपर्यंत बोलत राहिलं, तर बर्फावर यांची पिल्लं कुठे होतात ते कळेल. मग तिथून जहाजं वळवायला तरी सांगता येईल.

मामंजी : लाव फोन. कानाशी धर, माझे हात अडकलेत... अदिल्बेक, बाबा बोलतोय. नाही रे, घरी सगळं ठीक. हुकूम नाही देत, बातमी देतोय. तुझा बाप तुझ्या जाळ्याकडे पोहत निघालाय. बस, एवढंच.

रौशान : काय म्हणाले?

मामंजी : आधी हसला. मग इंजिन सुरू झालेलं ऐकू आलं. बोट कुठे वळवली, देव जाणे.

रौशान : बाहेर धुकं किती दाटलंय. समुद्र कुठे संपतो तेच कळत नाही.

मामंजी : धुक्यात तो संपतच नाही. घरात येऊन बसतो. मला एक सांग, ते यंत्र तुझ्याशी बोलतं कसं?

रौशान : नाक पाण्याबाहेर आलं की ते आकाशातल्या उपग्रहाला हाक मारतं. आणि तो आम्हाला कळवतो.

मामंजी : मग आपण इकडून हाक मारायची.

रौशान : तशी सोय नाही, मामंजी. इकडून नुसतं ऐकायचं.

(बराच वेळ जातो. रौशान लॅपटॉपवर ठिपका शोधत राहते.)

रौशान : मामंजी.

मामंजी : जागाच आहे.

रौशान : उमटला. जाळ्यांच्या पल्याड, मोकळ्या पाण्यात. यांचाही निरोप आलाय. सगळी जाळी बोटीत घेतलीत. म्हणतात, बाबांना सांग, सावकाश पोहा.

मामंजी : मला इथून लॅपटॉप दिसत नाही. कोण वर आलंय?

रौशान : कोण म्हणजे? मिशाळराव.

मामंजी : अंहं. पोरानं मासळी सोडली ती कुणा मिशाळरावासाठी नव्हे. नाव घ्यायची मी मोकळीक देतो तुला. एकदा नीट सांग, कोण वर आलंय?

रौशान : बोता उठेल.

मामंजी : मग हळू सांग.

रौशान : ...ओतेगेन.