हिराबाईंची घोंगडी

तुम्ही ॲलर्जीला शहरी लाड म्हणता, म्हणून हे सांगते. नव्वदच्या दशकात मी तळेघरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि एकटी राहत होते. थंडी पडली तशी शेजारच्या हिराबाईंनी आपली घोंगडी आणून दिली. आठवड्याभरात माझ्या अंगावर गांधी उठल्या. "पित्त हाय, बाई," म्हणत त्यांनी आमसूल चोळले आणि तीच घोंगडी घट्ट गुंडाळली. ओठ सुजले, श्वास अडकू लागला. गावातल्या दवाखान्याला कुलूप होते. हिराबाईंनी रस्त्यात उभे राहून जीप अडवली आणि घोडेगावपर्यंत माझा हात सोडला नाही.

इंजेक्शन देऊन डॉक्टर म्हणाले, "लोकर सोसत नाही तुम्हाला. आधी ही घोंगडी दूर करा."

परतताना मी हिराबाईंना ॲलर्जी काटेकोरपणे समजावून सांगितली. घोंगडी छातीशी धरून त्या म्हणाल्या, "म्हंजी आमची ऊब तुमाला सोसत न्हाई, येवढंच ना?"

"शास्त्रीयदृष्ट्या तसे म्हणता येईल," मी म्हणाले.

उत्तर अचूक होते. पुढची तीन वर्षे त्यांनी माझी विचारपूस उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच केली.