पाण्याच्या इंजिनाचं तेल

नाही, तुम्ही काही विसरला नाहीत — मीच हाक मारली. या, आत या जरा, आणि ती पिशवी ठेवा इथं काउंटरवर. ठेवा म्हणते ना. घड्याळाकडं बघू नका, माइकवरचा तो बाबा अजून लहान पोरांच्या मोटरसायकलींचेच नंबर पुकारतोय, ऐकू येतं इथं सगळं — आमची मागची भिंत आणि मैदानाचं कुंपण यांच्यामध्ये एक गटार तेवढं आहे. तुमच्या पोरीची शर्यत त्यानंतर. नाही, तिला फोन नका लावू, आधी माझं ऐका. ही बाटली तुमच्या गाडीची नाही.

माहितीये, वाचून घेतलीत. बघत होते मी. चष्मा कपाळावरून खाली ओढलात, बाटली उजेडाला धरलीत, 'पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी' — मोठ्यानं वाचलंत की — आणि म्हणालात, आपल्या गाडीला रेडिएटर आहे, म्हणजे हेच. आता ह्यात चुकलं काय? काहीच नाही चुकलं, म्हणून तर घोळ. ज्याला काही कळत नाही तो विचारतो तरी, ज्याला थोडं कळतं तो वाचतो आणि उचलतो. पण ते पाणी वेगळं, भाऊ. हे होडीचं तेल, तिच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं. होडीचं इंजिन काय करतं — तळ्यातलं गार पाणी ओढतं, फिरवतं, टाकून देतं, पुन्हा नवं ओढतं, अख्खं तळं दिमतीला असतं त्याच्या. तुमच्या गाडीत तेच तांब्याभर पाणी गोल गोल फिरतं, उकळायच्या बेतात. होडीवाल्याला काय हवं? तेल जळून राख मागं राहू नये, प्लग काळा होऊ नये, भर तळ्यात बंद इंजिनाची दोरी ओढत बसायची वेळ येऊ नये. त्याच्यासाठी हे तेल सोनं आहे. तुमच्या इंजिनात ते टिकणारच नाही. जळून जाईल. मग पिस्टन आणि सिलेंडर यांच्यात राहिलं काय? काही नाही. धातूवर धातू.

आणि उलटंही होतं, असं समजू नका की होडीचं तेलच वाईट. तो बंगल्यातला माळी — गवत कापायच्या मशीनचं तेल त्यानं मालकाच्या होडीत घातलं, कारण उरलं होतं, कशाला वाया घालवा. त्या तेलात असतं ते मिश्रण हवेनं थंड होणाऱ्या मशीनसाठी, तिथं उष्णतेत ते बरोबर जळतं. गार इंजिनात प्लगवर असा थर चढला की खरवडून काढताना माळ्याची नखं गेली. लाकूड कापणारा आमचा जुना गिऱ्हाईक, त्याची करवत दिवसभर किंचाळते, धूळ खाते — त्याला मी नेहमी उष्णता सोसणारं भारी तेलच देते, तो कितीही कुरकुरू दे. आणि ती पलीकडची शाळेतली बाई, तिच्या जुन्या स्कूटरला तेलाची वेगळी टाकी, पंप स्वतःच तेल ओढतो, तिला पातळ लागतं, जाड दिलं तर थंडीत पंपाचा घसा बसतो. माणूस आला की मी आधी विचारते, मशीन कुठलं, काम काय, किती वेळ चालवणार. सगळ्यांना विचारते. सवयच आहे.

तुम्हाला नाही विचारलं.

असं नका बघू. कळतंय मला तुमच्या मनात काय आहे. की ही बाई त्या पोराची आई. अर्ध्या तासानं तिचा पोरगा आणि माझी पोरगी एकाच रेषेवर उभे राहणार, गाडीच्या कंपनीच्या शर्यत-संघात जागा एकच, आणि ही मला हातातली चांगली सीलबंद बाटली खाली ठेवायला सांगतेय. आता काउंटरखालून दुसरं काहीतरी काढून देणार. मी तुमच्या जागी असते तर मीही नसता विश्वास ठेवला. पिशवी पुन्हा छातीशी धरली असती, अशीच, तुम्ही धरलीत तशी. धरा. पण जाऊ नका.

आमचे हे बघितलेत ना तुम्ही, मैदानावर — डावा पाय वाकत नाही त्यांचा. लोकांना वाटतं जन्माचंच आहे. जन्माचं कसलं, लग्नात माझ्यापेक्षा जोरात चालत होते. शर्यतीत गाडी चालवायचे तेव्हा. घाईत मेकॅनिकनं होडीवाल्याचा डबा घेतला — त्यालाही असंच वाटलं होतं, पाणी म्हणजे पाणी. गाडी झकास सुरू झाली बरं का. तेच तर वाईट आहे त्यात, सुरुवातीला काही कळत नाही, उलट छान धावते. सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात असताना इंजिन सीज झालं, आतल्या आत जाम, मागचं चाक जागच्या जागी थांबलं. माणूस नाही थांबत ना जागच्या जागी. अशा वेळी क्लच दाबून चाक मोकळं करायचं असतं, सगळ्यांना पाठ असतं ते, ह्यांनाही पाठ होतं. हात पोचेपर्यंत हे टायरांच्या ढिगात होते. तुमची पोरगी कितीही हुशार असली तरी तिचा हातही तेवढ्याच वेळात पोचणार.

बरं, हे सगळं मला ठाऊक. मग तुम्ही बाटली उचललीत तेव्हा मी गप्प का बसले? विचारा ना. नाही विचारत? मीच सांगते. तुमची पोरगी माझ्या पोरापेक्षा वेगानं चालवते. हे मी घरात आजवर बोलले नाही, ह्यांच्यासमोर नाही, पोरासमोर तर नाहीच. मागच्या खिडकीतून रोज सराव बघते मी, भाजी चिरता चिरता बघते, आणि मला दिसतं की माझा पोरगा वळणाच्या आधी घाबरतो आणि तुमची वळण संपल्यावर हसते. ह्या वर्षी नाही झाली निवड तर सोडतो म्हणालाय. सोडून करणार काय, तर इथं बसणार, ह्या खुर्चीत, ह्या वासात — जेवताना हाताला वास, केसांना वास. मला नकोय ते. इतकं नकोय, की तुम्ही बाटली हातात घेतलीत आणि म्हणालात हेच आपलं, तेव्हा माझ्या तोंडून फक्त एक 'हं' निघाला. पिशवीतही मीच घातली. म्हटलं, मी थोडीच दिली, त्यांनीच निवडली. त्यांचे डोळे, त्यांचा चष्मा. तुम्ही पायरी उतरलात तोवर हेच घोकत होते. काय झालं मग? काही नाही झालं. तुम्ही खालून वळून थँक्यू म्हणालात, इतकंच. म्हणाला नसतात तर काय केलं असतं कुणास ठाऊक. मला नाही ठाऊक. नका विचारू.

हे बोलायचं नव्हतं मला. फक्त बाटली बदलून द्यायची होती, चुकून भलतीच गेली म्हणून.

टाकीत काही ओतलं नाहीये ना अजून? कोरडी आहे? बरं. तुम्ही एरवी एरंडेल वापरता, धुरावरून कळतं, तो गोडसर वास लपत नाही. हो तेच एरंडेल, लहानपणी नाक दाबून पाजायचे ते, हसू नका, गरम इंजिनात त्याच्याइतकं चिकटून राहणारं दुसरं काही नाही. मांडणीवरचं संपलंय, ह्या कपाटात त्याची ही एकच बाटली आहे, पोरासाठी ठेवलेली. दोघांना पुरेल. सील बघा, तुम्हीच फोडा. हे पेट्रोलही पोराचंच, सकाळी आणलेलं, वास घ्या. आता इथं उभं राहून बघा, पाठ नका फिरवू — हे दोन कॅन, दोन्ही रिकामे, दोन्ही सारखे. ह्यात पेट्रोल, ह्यात पेट्रोल. हे तेलाचं माप, ह्यात एक, ह्यात एक. एरंडेल आळशी असतं, खाली बसून राहतं, हलवावं लागतं — तो तुम्ही हलवा, हा मी हलवते. झाकण घट्ट आहे ना? हलवा मग. आता खाली ठेवा दोन्ही.

उचला कुठलाही. तुम्ही उचला. जो राहील तो माझ्या पोराच्या टाकीत जाईल, तुमच्यादेखत. आमचे हे येतच असतील न्यायला. ह्याहून जास्त काय करू मी, सांगा? शपथ घेऊन काय होणार, शपथेनं इंजिन चालत नाही.

हा? नक्की? बदलायचाय तर बदला, अजून वेळ आहे. ठीक. मग तो दुसरा आमचा.

आलेच बघा — अहो, हा घ्या कॅन, हलवलाय, टाकीत ओतायच्या आधी पुन्हा एकदा हलवा. काही नाही हो, गिऱ्हाईक आहे, जरा बोलत होतो. जा तुम्ही पुढं, पोरगा वाट बघत असेल. — गेले? बघितलंत ना, कुठला नेला ते?

आता तुम्हीही निघा. आणि भाऊ, ह्यांच्या कानावर नको हे. पाय गेला तेव्हा त्या मेकॅनिकला ह्यांनी घरी बोलावून चहा पाजला होता, तो चुकला होता म्हणून. मी चुकले नव्हते. मला काय पाजतील ते?

ती होडीची बाटली राहू द्या इथंच. आणि पोरीला सांगा — त्या टायरांजवळच्या वळणावर ती शेवटपर्यंत गाडी पूर्ण वेगात ठेवते ना, तिथंच ती माझ्या पोराला मागं टाकते, रोज. आजही ठेव म्हणावं. इंजिन दगा देणार नाही.

नाही, मी नाही येणार बघायला. खिडकीही लावून घेतेय. जा.