खांद्यापर्यंत

लाखनीच्या बसस्टँडवर बसलेल्या शोभाताईंच्या कानावर मागच्या बाकावरच्या दोन मास्तरांचं बोलणं पडत होतं.

"भूषण सरचा बुचडा पाहिला का जी? मास्तर होय का नाच्या!"

"पण परसरामजी, पोरं त्याच्याच मांगं फिरून राहिले."

"हेडमास्तर कापाले काहून नाही सांगत त्याले?"

"कायले सांगन? नियम कुठी हाय तसा?"

"माहे बी होते ना खांद्यापर्यंत! दंडारीत बाईचं काम मीच करत होतो, टोपाची गरजच नाही पडे. नोकरी लागली आन् रुजू व्हायच्या आधीच कापून टाकले."

"कोणं सांगतलं होतं?"

शोभाताईंची गाडी लागली, तरी त्या उठल्या नाहीत.

"कोणीच नाही जी. मले वाटलं, सांगतीन."