मल्लम्माने उकळलेली पावडर

मला जनावरांचा चांगला डॉक्टर म्हणता ना, मग हे ऐका. अंबरपेठच्या मल्लम्माकडची डुकराची पिल्लं हगवणीने खंगत चालली होती. मी प्रोबायोटिक पावडर दिली आणि वर शहाणपणाने सांगितलं, "यात जिवंत जंतू असतात, रोज पेजेत मिसळा."

आठवड्याने गेलो, तर सातातली सहा मेलेली.

"पावडर दिली ना, अम्मा?"

"रोज दी, साब. तुमीच बोले, जिंदे जंतू हैं. बच्चोंकू वैसाच कैसा देती? अच्छा उबालके दी."

हे जंतू चांगले असतात, ते मारायचे नाहीत, एवढंच सांगायचं राहिलं होतं. चूक माझीच, असं मी म्हणालो. तिने ऐकलंच नाही. उरलेलं पिल्लू पदराने पुसून माझ्या हातात दिलं.

"तुमीच पालो, साब. मेरेकू अकल नै."