एकदा वाजवलं की हो

तो कागद इकडे फिरवा मॅडम, माझा वाचून झालेला नाही — एकोणीस हजार सहाशे चाळीस. एकोणीस हजार सहाशे चाळीस! अहो, आतल्या वस्तूची किंमत एकतीस हजार आहे, ती मी जर्मनीच्या दुकानाला ऑनलाइन भरून मोकळा झालोय, आणि हा बघा त्यांचा ईमेल, चष्मा लावा हवं तर — काय लिहिलंय? शिपिंग फ्री. मोठ्या अक्षरांत. मग हे काय आहे? कस्टम ड्यूटी समजली, सरकार आहे, घेणार. पण हे खाली — 'व्यावसायिक आयात हाताळणी'? 'पत्ता तपासणी शुल्क'? आणि अकरा दिवसांचं गोदाम भाडं? माझं एवढंसं खोकं, चपलेच्या खोक्याहून लहान, ते गोदामात काय पाय पसरून झोपलं होतं? हसू नका. म्हणजे हसा, हसायला हरकत नाही, पण या आकड्याचं आधी सांगा.

सिस्टिमने काढलाय. अच्छा. बत्तीस वर्षं मॅडम — तुमच्या बिल्ल्यावर श्रुतिका आहे ना? — बत्तीस वर्षं श्रुतिका मॅडम, मी हेच ऐकत आलोय. देवनारच्या डम्पिंगला आग लागली, तीन दिवस मी त्या धुरात उभा, विचारलं जबाबदार कोण, तर कोणीच नाही, सिस्टिम. कत्तलखान्याच्या गटाराचं पाणी लोकांच्या घरात शिरलं तेव्हाही सिस्टिम. त्या सिस्टिमला मी पहिल्या पानावर नावानिशी छापलंय. धोंडिराम सोनकांबळे. विशेष प्रतिनिधी, दैनिक उपनगर साक्षी. वाचलं असेल नाव — नाही? वय काय तुमचं? मग बरोबर, तुम्ही मोबाइलवर वाचणाऱ्या. पण तुमच्या साहेबांना विचारा, आत बसलेत त्यांना. उद्या सकाळी हेच बिल जसंच्या तसं छापून आलं ना, 'अंधेरीत कुरिअरची लूट' म्हणून, तर धावत येतील गोवंडीला माझं घर शोधत.

हो, पाकिटावर पेपरचं नाव आहे. म्हणून काय झालं? — कंपनीच्या नावाने आलं म्हणजे कंपनीने मागवलेला माल? अहो, मी मागवलाय! माझ्या कार्डाने! नाव आधी माझंच आहे, धोंडिराम सोनकांबळे, स्वल्पविराम, विशेष प्रतिनिधी, खाली पेपर. आता घरचा पत्ता का नाही टाकला ते तुम्हाला सांगतो. तुम्ही गोवंडीत कधी आलात? आमच्या गल्लीत तुमचा माणूस येत नाही. मेन रोडवर उभा राहून फोन करतो, 'काका, इधर आ जाओ.' म्हणून बातमीदाराचं महत्त्वाचं काही घरी येतच नाही. माझा पासपोर्ट ऑफिसात आला, पोरीचं कॉलेजचं सर्टिफिकेट ऑफिसात, विम्याचे कागद ऑफिसात. फॉर्मवर पत्ता आला की माझी बोटं आपोआप तेच लिहितात, पदासकट. सवय आहे. सवयीचे पंधरा हजार लावणार तुम्ही?

आमच्या ऑफिसच्या वॉचमनने काय लिहून दिलं? — 'सदर व्यक्ती येथे नाही.' बरोबर आहे की. बातमीदार ऑफिसात असतो का? फील्डवर असतो. दोन वेळा? दोन्ही वेळा फील्डवर असेन. वॉचमन नवीन आहे तो, त्याला कोण जुनं कोण नवं काय कळतंय... पाणी आहे का हो इथे? द्या. थँक्यू.

हे बघा, भांडायला आलेलो नाही मी. आता ऐका. त्या खोक्यात काय आहे माहीत आहे? तुम्ही 'इलेक्ट्रॉनिक उपकरण' लिहिलंय. टॉर्च बघितलाय ना, हातात मावतो तेवढा? तसं आहे ते. बॅटरीवर चालतं. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे — आवाज येतो. यंत्रासारखा येतो, माणसासारखा नाही, पण येतो. माझी बायको, द्रौपदी. तिची स्वरपेटी काढलीय. कॅन्सर. कधी तंबाखूला हात लावला नाही तिने, डम्पिंगच्या वाऱ्याच्या बाजूला घर, चाळीस वर्षं तो धूर — ते सिद्ध करता येत नाही म्हणतात डॉक्टर, जाऊ द्या. इथे तेच यंत्र साठ हजार सांगतात. तिकडे एकतीस. मी हिशेब केला, शिपिंग फ्री, झकास. आता डॉक्टर म्हणतात, उशीर करू नका. बाई ओठ हलवायच्याच बंद झाल्या तर पुढे यंत्र देऊनही उपयोग नाही, मन उडतं माणसाचं. आणि ती बंद झालीय. पंधरा दिवस झाले. म्हणून मी इथे तुमच्या काचेवर डोकं आपटतोय, कळलं?

एक मिनिट, तिचाच फोन. — हां द्रौपदे. बोल. म्हणजे... जेवलीस? ... बरं, बरं. गोळी घेतलीस? ... आणतो. आणतोच आहे, काउंटरवरच उभा आहे. ठेव. — नाही, बोलत नाही हो ती, कशी बोलेल? बांगडी वाजवते फोनवर. एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही. जेवली नाही. गोळी घेतली. एवढंच चालतं आमचं आता.

लिहून दाखवत होती की. पाटी आणली होती मी, लहान मुलांची. तिची चौथी झालीय, हात जड, पण लिहायची. मग एके दिवशी... मी काय सांगतोय तुम्हाला, तुम्हाला पाच वाजता परतीचा माल गाडीत भरायचा आहे. — सांगू? संध्याकाळी मी घरी आलो, ती पाटी घेऊन उभी. दोन्ही बाजू भरलेल्या. नळाला पाणी आलं नाही, शेजारच्या शेवंतीबाईंनी हंडा दिला, मांजर आत शिरलं, दूध सांडलं, भिंतीला ओल आलीय — असं सगळं, दुपारभर बसून लिहिलेलं. आणि सगळ्यात शेवटी, खाली, जागा उरली नव्हती तिथे कोपऱ्यात — 'मला आतून भीती वाटते.' आणि मी काय केलं? मॅडम, बत्तीस वर्षं नव्या पोरांच्या बातम्यांच्या कॉप्या तपासल्यात मी. मी म्हटलं, द्रौपदे, अगं मुद्दा खाली गेलाय, हा वर पाहिजे, बाकीचं कशाला एवढं — आणि हाताने पुसलं. नळ, हंडा, मांजर, सगळं. भीती तेवढी ठेवली. चांगली बातमी केली मी त्याची. तिने पाटी माझ्या हातातून घेतली, धुतली, पुसली, कपाटावर टाकली. त्या दिवसापासून ओठ नाही, खडू नाही. फक्त बांगडी.

मी तेव्हाही तिला नीट ऐकलं नाही, आणि बोलत होती तेव्हा तर... 'गप गं, डेडलाइन आहे.' हे एक वाक्य. तीस वर्षं.

हां. बोला तुम्ही. काय म्हणता, पेपरचं पत्र आणलं तर? — की हा माल कंपनीचा नाही, माणसाचा खाजगी आहे. मग किती होतात? चार हजार आठशे सत्तर. बस? आणि पत्र नाही तर पूर्ण भरा, तेही कंपनीच्या शिक्क्यासह, नाहीतर आज पाचच्या गाडीने परत जर्मनीला. म्हणजे शिक्का दोन्हीकडे लागतोच. काय डोकं चालवलंय. — संपादक? संपादक सुट्टीवर आहेत. दिल्लीला. फोन लागत नाही त्यांचा. असं करा ना, तुम्ही माझं प्रेसचं कार्ड घ्या, त्याची झेरॉक्स लावा, हे बघा, फोटो माझाच — तारीख? तारीख जाऊ द्या. नूतनीकरणाला दिलंय.

साडेचार झाले का? तुमचं घड्याळ पुढे आहे.

नाही, बसत नाही मी. ... श्रुतिका मॅडम. तू माझ्या पोरीएवढी आहेस, तुला अहोजाहो करून माझी जीभ दुखायला लागली. ऐक. पत्र आहे. माझ्या खिशात आहे, मघापासून आहे, कालपासून आहे; तुमच्या माणसाने फोनवर पत्र लागेल म्हणून आधीच सांगितलं होतं. संपादक दिल्लीला नाही, अंधेरीतच बसतो, इथून रिक्षाने दहा मिनिटं. सर्वेश नाव त्याचं. माझ्या हाताखाली शिकला. पोलीस स्टेशनला फोन कसा करायचा हे मी शिकवलं त्याला. काल अर्धा तास उभा होतो त्याच्यासमोर, मीच बसलो नाही, तो म्हणत होता बसा सर. चांगलं वागला, उगाच का खोटं बोलू. पण पत्र मॅनेजमेंटच्या वकिलाने लिहिलं. घे. — मोठ्याने वाचू नकोस. मागे लोक आहेत.

आत साहेबांना फोनवर वाचून दाखवावं लागतं? पूर्ण?

वाच मग. वाच, हळू वाच. '...यांची सेवा चौदा महिन्यांपूर्वी समाप्त करण्यात आली असून... आमच्या नावाचा वापर त्यांनी विनापरवानगी... आमचा त्यांच्याशी अथवा सदर मालाशी कोणताही संबंध नाही.' हां. कोणताही संबंध नाही. एवढं पुरेल ना तुमच्या सिस्टिमला? चौदा महिने मी रोज साडेनऊला बॅग घेऊन निघतो, चेंबूरच्या वाचनालयात बसतो, सगळे पेपर वाचतो, लाल पेनने चुका काढतो, सातला घरी. पगार येतो म्हणून बायकोला सांगतो आणि फंडातले काढतो. ते एकतीस हजारही फंडातलेच. आज सकाळी शर्टाला इस्त्री तिनेच करून दिली. छापणार वगैरे मघाशी म्हणालो ना, कुठे छापणार? वाचनालयाच्या फळ्यावर?

हो म्हणाले? चार आठशे सत्तर? कार्ड घे. नाही, बिल वाचायचं नाही मला, कोणत्या ओळीत काय लावलंय ते असू दे. सही कुठे? — वर काय लिहिलंय, 'पत्रातील मजकूर मला मान्य आहे.' ... दे पेन. आणि हे 'व्यवसाय' रिकामं राहू दे. रेघ मार तिथे, तूच मार.

थांब, तिला सांगतो, वाट बघत असेल. — द्रौपदे. मिळालं गं. खोकं समोर आहे. ... हां, एकदा ऐकलं. आता ऐक, घरी येऊन तोंडावर जमायचं नाही, म्हणून इथूनच सांगतो. माझी नोकरी गेलीय. आज नाही, चौदा महिने झाले. मी रोज जातो ते... ऐकतेस ना? ... हो. तुला — तुला माहीत होतं? ... ... एकदा. एकदाच वाजवलंस ना? मग इस्त्री कशाला करून देत होतीस गं रोज? नाही, थांब, याला हो-नाही कसं सांगशील तू. घरी येतो. हे गळ्याला लावून देतो आणि तू सांग. नळापासून सांग. हंडा, मांजर, ओल, सगळं पहिल्यापासून. मी मधे बोलणार नाही.

दे ते खोकं. पिशवी नको, असंच नेतो. पुढचे कोण आहेत, या हो, माझं झालं.