कानाचा जोड आणि तीनशे नऊ नंबरची रॉड

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे साहेब, त्यांच्यासोबत आलेल्या वहिनीसाहेब, आणि वेल्डिंग शॉपमधल्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

ज्याचा सत्कार करायचा, त्याचं काम तपासावं का? भाषणाची सुरुवात मी या प्रश्नाने करते आहे, आणि याचं उत्तर मला येत नाही हेही आधीच सांगून टाकते.

घरातून निघताना बाबा म्हणाले, "हे बघ, आपल्या घरातली तू पहिली पदवीधर. भाषणात फक्त गुण सांग. दोष सांगायचे कुणी पैसे देत नाही." मी म्हटलं, "बाबा, मी तपासणी विभागात आहे. मला त्याचाच पगार मिळतो." त्यावर ते म्हणाले, "आधी कायम तरी हो." मला कायम करायचं की नाही, हे साहेब आज संध्याकाळी, खुर्ची सोडण्यापूर्वी ठरवणार आहेत. तेव्हा गुणांपासून सुरुवात करते.

साहेब वेल्डर म्हणून लागले आणि आज शॉपचे प्रमुख म्हणून निवृत्त होताहेत. आपल्याकडची रीत आपल्याला ठाऊकच आहे: जाणाऱ्या माणसाने चालू कामावर शेवटचा जोड स्वतः मारायचा. काल साहेबांच्या वाट्याला स्टेनलेसची मोठी टाकी आली. तिच्या डोक्यावर लोखंडी कान बसवायचा होता. त्याच कानात क्रेनचा आकडा अडकतो आणि अख्खी टाकी त्याच्यावर तोलते. इतक्या वर्षांनी हातात होल्डर घेऊनही साहेबांचा हात जराही हलला नाही. जोड असा देखणा, की फोटोवाल्याने साहेबांपेक्षा त्याचेच फोटो जास्त काढले.

आता जोडात वितळवून भरायच्या रॉडविषयी दोन शब्द. स्टेनलेस आणि लोखंड म्हणजे दोन वेगळ्या घरांतली सोयरीक. मध्यस्थ कसा हवा? साहेबांचं मत, मध्यस्थ मुलीकडचा असावा: स्टेनलेसला स्टेनलेसची, म्हणजे तीनशे आठ नंबरची रॉड. पण वितळताना तिच्यात लोखंड मिसळतं. दुधात पाणी पडावं तसं तिच्यातलं क्रोम आणि निकेल पातळ होतं, आणि जोड कडक, ठिसूळ होऊ शकतो. पाणी पडणार हे माहीत असेल, तर दूध आधीच घट्ट घ्यायला नको का? ते घट्ट दूध म्हणजे तीनशे नऊ.

तीनशे नऊ आपल्या स्टोअरमध्ये होती. पण स्टोअरला कुलूप होतं, आणि किल्ली खिशात घेऊन आमचे स्टोअरकीपर साहेबांसाठीच पुष्पगुच्छ आणायला गेले होते. पुष्पगुच्छ सुंदर आहे, याबद्दल त्यांचे आभार.

मी म्हटलं, "साहेब, दहा मिनिटं थांबू या."

साहेब म्हणाले, "पोरी, फोटोवाला थांबणार आहे का?" सगळे हसले. मग हळूच म्हणाले, "तीनशे आठने मी कितीतरी जोड मारलेत. एक तरी तुटल्याचं ऐकलंस?"

ऐकलं नव्हतं. मी इथे येऊन वर्षही झालेलं नाही. जोड तीनशे आठनेच मारला गेला.

सगळे चहाला गेल्यावर मी जोडावर लाल औषध लावलं, पुसलं, वर पांढरी पावडर मारली. तडा असता तर लाल रेघ उमटली असती. नाही उमटली. आमचे फोरमनमामा शेजारी उभे होते. म्हणाले, "झालं समाधान? आता झाकून ठेव. उद्या माणूस घरी चाललाय."

"मामा, औषधाला वरचं दिसतं. आतलं कोण बघणार?"

"आतलं देव बघतो."

"पण टाकीखाली तो उभा राहत नाही, मामा. आपली माणसं राहतात."

यावर मामांनी मला कॉलेजात नक्की काय शिकवतात अशी चौकशी केली. ती मी इथे सांगत नाही, वहिनीसाहेब बसल्या आहेत.

साहेब, तो जोड कदाचित जन्मभर टिकला असता. टिकला नसता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तपासणीचा शिक्का 'कदाचित'वर मारायचा नसतो, हे मला पहिल्याच दिवशी तुम्हीच बजावलं होतं. तुमचे गुण सांगायचेच तर हा मी सगळ्यात वर ठेवते.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं आणि आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. वयाने आणि अनुभवाने मी इथे सर्वांत लहान. बोलताना पायरी सोडली असेल तर मोठ्या मनाने पोटात घालावं. साहेबांना आणि वहिनीसाहेबांना उदंड आयुष्य लाभो.

जाता जाता एक सूचना. यानंतर साहेबांच्या हस्ते टाकी क्रेनने उचलण्याचा कार्यक्रम छापला आहे. तो होणार नाही. आज सकाळी, इथे खुर्च्या मांडल्या जात होत्या तेव्हा, मी तो कान कापून काढला. ग्राइंडर मीच चालवला. मामांना कुणी काही विचारू नये.