पासलीची पिकअप

नसरापूरच्या गॅरेजात माझी स्कूटर दुरुस्त होत होती. शेजारी पासलीच्या दीपमालाताई आणि सर्जेराव मिस्त्री पिकअपच्या इंजिनावर वाकले होते.

"ताई, इंजिनाचा दिवा लागलाय, आन स्कॅनरनं बिघाडाचा कोड दिलाय. सेन्सर गेला, नवा टाकावा लागंल."

"कोडात काय लिवलंय ते वाचा."

"सेन्सरचा सिग्नल येत न्हाई."

"मंग सेन्सर गेला, असं कुठं लिवलंय?"

"त्याचा अर्थ त्योच."

"न्हाई. पासलीत रेंज नसली की आमचा फोन लागत न्हाई. म्हणून आमी मेलो का? वायर बघा."

"म्या लई गाड्या उघडल्यात, ताई. गाडीच्या मालकांना फोन लावा, मी त्यांच्याशी बोलतो."

"वायर बघा."

"मशीन खोटं बोलंल व्हय?"

"मशीन खरंच बोलतंय. पुढचं तुमी बोलताय. गाडी भाताच्या पोत्यांशेजारी उभी असती, तितं उंदरं लई. सरका, मीच बघते... ही घ्या. कुरतडलेली वायर, आन खाली भाताची फोलपटं."

"...जोडून देतो."

"जोडा. आन कोड पुसून माझ्यासमोर गाडी चालू करा."

"झाली चालू. इंजिनाचा दिवा विझला, ताई."

"आता लावा मालकांना फोन. नंबर घ्या माझा."